एकशेचाळीस मीटरांचा रस्ता

ब्वेनोस आइरेस ही अर्जेंटिनाची राजधानी. या शहराच्या मध्यभागातून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या हमरस्त्याचे नाव ‘नुएवे दे हूलियो’, म्हणजेच ‘नऊ जुलै’ असे आहे. ९ जुलै १८१६ रोजी तुकुमान येथे भरलेल्या सभेत त्या प्रदेशाचे स्वातंत्र्य जाहीर झाले, त्या दिवसाची आठवण म्हणून हे नाव. जगातील अतिशय रुंद रस्त्यांत याची गणना होते. दोन्ही बाजूंचे समांतर रस्ते व मधली हिरवळ धरून याची रुंदी सुमारे १४० मीटर भरते. १९१२ साली या रस्त्यासाठी कायदा झाला. पुढे शहराच्या मध्यवस्तीतील घरांच्या रांगाच्या रांगा पाडून जागा मोकळी करण्यात आली आणि १९३७ साली पहिला टप्पा खुला झाला. कोरिएंतेस मार्ग जिथे याला छेदतो, तिथे १९३६ साली उभारलेला ६७.५ मीटर उंचीचा स्तंभ आहे. थोड्याच अंतरावर १९०८ सालचे ‘तेआत्रो कोलोन’ हे ख्यातनाम संगीतगृह आहे. नोव्हेंबरात, म्हणजे तिकडच्या वसंतात, रस्त्याकडेची जॅकरांडाची झाडे जांभळ्या-निळ्या फुलांनी भरून जातात. पुण्या-मुंबईत आपण ज्याला नीलमोहर म्हणतो, तेच हे झाड. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतच आहे.

आरोग्याच्या सदरात या रस्त्याचे वर्णन कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. कारण असे की, हा रस्ता ओलांडणे हा मनुष्याच्या चालण्याच्या वेगाचा एक चांगला धडा आहे.

पादचाऱ्यांसाठी सिग्नलची वेळ ठरवताना अनेक देशांत माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे फार काळ गृहीत धरले गेले. या वेगाने १४० मीटर अंतर तोडण्यास जवळजवळ दोन मिनिटे लागतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या व्यक्तीला त्याच अंतरासाठी तीन मिनिटांना पाच सेकंद कमी एवढा वेळ लागतो. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरील नागरिकांची पाहणी झाली, तेव्हा पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला. म्हणजे दिव्याने गृहीत धरलेला माणूस आणि प्रत्यक्ष रस्त्यावर उभा असलेला वृद्ध माणूस यांच्यात मोठे अंतर आहे. रस्त्याच्या मध्यावर दिवा बदलला की त्या व्यक्तीला वाटते, आपलेच काही चुकले. वास्तविक, गणित दुसऱ्याच कोणाला धरून मांडलेले असते.

‘नऊ जुलै’ मार्गावर मात्र ही लाज कोणालाच बाळगावी लागत नाही. एका हिरव्या दिव्यात तो सहजपणे पार करणे धडधाकट तरुणालाही जमत नाही. तेथील लोक एक पट्टा ओलांडतात, दुभाजकावर थांबतात, पुढच्या दिव्याची वाट पाहतात आणि मग उरलेला भाग पार करतात. कचेरीत जाणारा तरुण, बाबागाडी ढकलणारी आई आणि काठी टेकत चालणारे आजोबा हे सारे त्या मधल्या जागेत शेजारी शेजारी उभे असतात. थांबणे हा तेथे दुबळेपणा ठरत नाही. रस्ता ओलांडण्याची तीच रीत आहे.

ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी या रस्त्याकडून घ्यावी ती गोष्ट हीच. वयोमानानुसार वेग मंदावतो, तेव्हा बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. वृद्ध व्यक्ती घाईने धावतपळत रस्ता ओलांडू लागते, किंवा रस्ता ओलांडणेच सोडून देते. पहिल्या मार्गात पडण्याचा धोका उघड दिसतो. दुसरा मार्ग सुरक्षित भासतो, परंतु त्याचे नुकसान हळूहळू होते. पलीकडची बाग, वाचनालय, देऊळ, जुना मित्र ही ठिकाणे एकेक करून सुटत जातात. चालणे कमी झाले की पोटऱ्या व मांड्यांचे स्नायू आणखी क्षीण होतात, तोल बिघडतो, भीती वाढते आणि बाहेर पडणे अधिकच कमी होते. ज्या रस्त्यापाशी माणूस कायमचा थांबतो, तो रस्ता त्याच्या जगाची सीमा होऊन बसतो. म्हणून उद्दिष्ट असे असावे की, रस्ता ओलांडणे चालू राहावे. मात्र ते टप्प्याटप्प्याने व घाई न करता व्हावे.

चालण्याचा वेग ही केवळ रस्त्याची बाब नव्हे. ६५ वर्षे व त्यावरील सुमारे ३४,५०० व्यक्तींच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या चालण्याचा वेग आणि पुढील आयुष्यमान यांचा निकटचा संबंध त्यात दिसून आला. यात नवल नाही. चालताना हृदय, फुप्फुसे, सांधे, स्नायू, दृष्टी आणि मेंदू या सर्वांना एकाच वेळी काम करावे लागते. त्यांपैकी एकाचेही बिनसले की त्याची पहिली खूण पावलांत उमटते.

हा वेग घरी मोजता येतो. व्हरांड्यात किंवा लांब खोलीत चार मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा ओढाव्यात. पहिल्या रेघेच्या मीटरभर आधीपासून नेहमीच्या चालीने चालण्यास सुरुवात करावी आणि दुसऱ्या रेघेच्या थोडे पुढे जाऊन थांबावे. दोन रेघांमधील वेळ दुसऱ्या कोणीतरी घड्याळावर मोजावी. काठी वापरत असल्यास ती घेऊनच चालावे. पाच सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर वेग सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून कमी आहे. स्नायूंची झीज तपासताना डॉक्टर हाच आकडा लक्षात घेतात. एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो अवश्य सांगावा. वेग अचानक उतरला असेल तर भेटीची वाट पाहू नये. मोतीबिंदू, गुडघेदुखी, पायांतील बधिरता, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या यांपैकी काहीही त्यामागे असू शकते, आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे.

वेग काही प्रमाणात परत मिळवताही येतो. स्थिर खुर्चीवरून शक्यतो हातांचा आधार न घेता पाच ते दहा वेळा उठावे व सावकाश बसावे. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलाव्यात व खाली टेकवाव्यात. दोन्ही व्यायाम जवळ कोणी असताना सुरू करावेत. छातीत दुखणे, धाप किंवा चक्कर आल्यास लगेच थांबावे. जोडीला आहारात डाळी, उसळी, दही, चालत असल्यास अंडी यांतून प्रथिने मिळावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आता प्रत्यक्ष रस्त्याविषयी. हिरवा दिवा आधीच लागलेला दिसला तर त्यावर निघू नये. तो लाल होऊन पुन्हा हिरवा होईपर्यंत थांबावे, म्हणजे पूर्ण वेळ हाती येतो. दुभाजक असलेली जागा ओलांडण्यासाठी निवडावी, मग ती थोडी लांब पडली तरी चालेल. दुभाजकावर पोहोचल्यावर दोन श्वास घ्यावेत. तेथून पुढे वाहने उलट बाजूने येतात, हे लक्षात घेऊन मान वळवावी. जेथे सिग्नल नाही, तेथे चार माणसे निघण्याची वाट पाहून त्यांच्यासोबत निघावे, मात्र त्यांचा वेग गाठण्याचा प्रयत्न करू नये. संध्याकाळी फिकट रंगाचे कपडे असावेत. ओलांडताना बोलणे व भ्रमणध्वनी दोन्ही बंद ठेवावे. बोलण्याने पावले मंदावतात आणि लक्षही विचलित होते.

सोबत जाणाऱ्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. वृद्ध व्यक्तीचा हात धरून तिला ओढू नये. आपला कोपर पुढे करावा आणि त्यांना तो धरू द्यावा. ओढलेल्या माणसाचा तोल आपल्या हाती जातो. धरलेल्या माणसाचा तोल त्याच्याकडेच राहतो. पक्षाघातानंतर एक बाजू दुर्बल असेल तर साधारणपणे त्या बाजूस उभे राहावे आणि आधार कसा द्यायचा हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असावी. “लवकर चला” हे शब्द रस्त्याच्या मध्यावर कधीही उच्चारू नयेत. त्याऐवजी “मधे थांबू या” असे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

हे शेवटचे वाक्य रुग्णसेवा करणाऱ्यांनी स्वतःलाही सांगावे. दीर्घ आजारात घरातील एकच व्यक्ती महिनोन्‌महिने राबत असते आणि दुपारची तासभर विश्रांतीदेखील तिला अपराध वाटते. एवढे मोठे अंतर एका दमात कोणीच पार करत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ भावंडांपैकी कोणी जबाबदारी घ्यावी, शेजाऱ्याने तासभर बसावे, आणि त्या वेळात सेवा करणाऱ्या व्यक्तीने निर्धास्तपणे बाहेर पडावे. मध्ये घेतलेला हा थांबा पुढच्या वाटचालीचाच भाग आहे.

या पंधरवड्यात खडूच्या त्या दोन रेघा अवश्य ओढाव्यात. घरातील सर्वांचा वेग मोजून दिनदर्शिकेवर तारखेसह लिहून ठेवावा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजून ताडून पाहावा.