टेसन आणि बेसन

वर्गात मी ‘स्टेशन’ला यमक विचारले. मावळातल्या एका पोराने ठणकावले, ‘टेसन–बेसन!’ पाहुणे म्हणून आलेले विद्वान हसले, म्हणाले, “‘नेशन’ म्हण.” पोराची मान खाली गेली.

विद्वानांना माझा सवाल आहे. १८६३ साली बोरघाट चढून आगगाडी लोणावळ्यास आली. तिच्याबरोबरचा शब्द मावळी जिभेने घासूनपुसून घरचा केला. मग त्याचे यमक परक्या कोशात का शोधावे? इंग्रजीत ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ नुसत्या अक्षरांनी जुळतात, तरी कवी ती जोडी खपवतात! आमचे यमक कानाचे. ‘वेसण’ सैल म्हणा; ‘बेसन’ मात्र पक्के!

पोराला मी पूर्ण गुण दिले. मान्य नसेल त्यांनी आमच्या टेसनावर उतरावे; दिवाळी आहे, बेसनाचा लाडू देऊनच वाद घालीन.