‘व्हिटॅमिनच तर आहे!’

तुमच्या घरात कुत्रा आहे? मग सांगा, व्हिटॅमिन डी-३ची स्ट्रिप आत्ता कुठे आहे? फ्रिजवर? आईच्या उशाशी? आधी उठून बघा, मग पुढचं वाचा.

आमची टीपॉयवर होती. आई दर रविवारी जेवणानंतर एक कॅप्सूल घेते. त्या दिवशी तिने घेतली आणि उरलेल्या तीन चिकूने, म्हणजे आमच्या दहा किलोच्या गावठी कुत्रीने, चावून गिळल्या. घरातली पहिली प्रतिक्रिया काय, तर ‘‘अगं, व्हिटॅमिनच तर आहे, विष थोडीच आहे!’’

माझं भांडण या वाक्याशी आहे. हिशेब करा. एका कॅप्सूलमध्ये ६०,००० आययू, म्हणजे दीड मिलिग्रॅम. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की उलट्या-जुलाब होऊ शकतात. ०.५च्या आसपास रक्तातलं कॅल्शियम इतकं चढू शकतं की किडनीच निकामी व्हावी. चिकूच्या पोटात किलोमागे ०.४५ गेलं होतं.

आणि ती मात्र मजेत शेपूट हलवत होती! गंमत (?) अशी, की लक्षणं दिसायला अर्धा ते दीड दिवससुद्धा लागू शकतो. ‘बघू, काही झालं तर नेऊ’ म्हणत थांबलात, तर उलटी करवून औषध बाहेर काढायची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. ती वेळ साधारण पहिल्या दोनेक तासांचीच.

आमची त्यातली वीस मिनिटं रविवारी उघडा दवाखाना शोधण्यात गेली. तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर सल्ले सुरू. मिठाचं पाणी पाजा (मिठाचीही विषबाधा होते), दूध द्या (कॅल्शियम चढायची भीती असताना दूध!). प्लीज, यातलं काहीही करू नका. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. कुत्रा गुंगीत असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते. तुम्ही फक्त फोन करा, वजन, वेळ आणि आकडा सांगा आणि रिकामी स्ट्रिप सोबत न्या.

डॉक्टरांनी विचारलं, ‘‘अजून काही खाल्लंय?’’ दादा गप्प. मग हळूच म्हणाला, त्याच्या जिम बॅगेतल्या शुगरफ्री गमीजचं पाकीटही फाटलेलं होतं. ओरडा बसेल म्हणून बोलला नव्हता! अशा काही गमीजमध्ये झायलिटॉल असतं. त्याने कुत्र्याची साखर अर्ध्या तासातही धोकादायक उतरू शकते. नशीब, आमच्या पाकिटावर ते नाव नव्हतं. लोहाच्या गोळ्याही तितक्याच वाईट, त्या पोटाचं आतलं अस्तर जाळतात. त्यामुळे मित्रांनो, लाज नंतर वाटून घ्या, आधी खरं बोला.

चिकूला उलटी करवली, मग चार दिवस रोज रक्ततपासणी. कॅल्शियम नॉर्मल राहिलं. माझं अख्खं स्टायपेंड गेलं, ते असो. स्ट्रिप आता स्टीलच्या डब्यात, सगळ्यात वरच्या फळीवर असते. दर रविवारी आई स्टुलावर चढते, कुरकुरत. खाली चिकू वर बघत उभी.