वस्तऱ्याचं गाणं

आवडता सिनेमा कोणता, असं कुणी विचारलं की मी जरा चाचरते. शाळेत मराठी आणि उर्दू शिकवणाऱ्या बाईने 'मुघल-ए-आझम' म्हणावं, अशी समोरच्याची अपेक्षा असते. माझं उत्तर मात्र 'स्वीनी टॉड' असं आहे. गिऱ्हाइकांचे गळे कापणाऱ्या एका न्हाव्याची गोष्ट, आणि तीही गाण्यांतून सांगितलेली! आमच्या घरात हा सिनेमा माझ्यासोबत शेवटपर्यंत कुणीही पाहिलेला नाही.

टिम बर्टनने तो २००७ साली काढला. मूळचं ते १९७९ सालचं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं संगीत नाटक. गाणी आणि संगीत स्टीफन सॉन्डहाइमचं. आपल्या सिनेमात अनेकदा गोष्ट जरा थांबते आणि गाणं येतं. इथे गोष्ट गाण्यातूनच पुढे सरकते. गाणं आलं म्हणून चहा ठेवायला उठलात, तर परत येईपर्यंत कुणाचा तरी जीव गेलेला असतो.

जागा लंडन, काळ एकोणिसाव्या शतकातला. बेंजामिन बार्कर हा साधा न्हावी. त्याच्या देखण्या बायकोवर एका न्यायाधीशाची नजर पडते. खोट्या आरोपाखाली न्हाव्याची रवानगी ऑस्ट्रेलियाला होते. तशी पद्धतच होती तेव्हा. १७८८ ते १८६८ या काळात इंग्रजांनी सुमारे एक लाख बासष्ट हजार कैदी तिकडे धाडले. मागे न्यायाधीश त्या बाईची अब्रू लुटतो आणि तान्ही मुलगी स्वतःच्या घरी नेऊन वाढवतो. पंधरा वर्षांनी न्हावी नाव बदलून परततो. खालच्या मजल्यावरची दुकानदारीण, मिसेस लव्हेट, त्याला सांगते की बायकोने विष घेतलं. एवढंच सांगते. पुढचं ती त्याला समजू देते.

या बाईने त्याचे चांदीचे वस्तरे जपून ठेवलेले असतात. ते हातात घेऊन तो गातो, आणि ते प्रेमगीत आहे! खरोखरचं, हळवं. त्याच्या शेजारी उभी राहून ती बाई त्याच्यासाठी गात असते. त्याला ऐकूही येत नाही. मी हा प्रसंग कितीतरी वेळा पाहिला आहे. रागाला एवढी गोड चाल असू शकते, हे मला आधी माहीत नव्हतं. पण ज्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याला आपला राग असाच प्रिय वाटतो, नाही का? तो रोज काढून, पुसून, पुन्हा घडी घालून ठेवायची वस्तू होते.

मग न्यायाधीश स्वतःच दाढीला येतो. मान मागे टाकलेली, वस्तरा तयार. दोघं मिळून बायकांच्या सौंदर्यावर गाणं म्हणतात, आणि न्हावी तो क्षण चाखत लांबवतो. एवढ्यात एक तरुण खलाशी दार उघडून आत येतो आणि शिकार निसटते. इथे न्हाव्याचं डोकं फिरतं. एक माणूस हाती लागला नाही, तर सगळी माणसं मरायच्या लायकीची आहेत, असा निवाडा तो देऊन टाकतो. 'इन्साफ' या शब्दाच्या मुळाशी 'निस्फ' आहे, म्हणजे अर्धा. दोघांना सारखं माप. 'इंतकाम'ला माप नसतं.

मेलेल्यांचं पुढे काय होतं? मिसेस लव्हेट पाय विकते. पाय म्हणजे मैद्याच्या पारीत मांस भरून भट्टीत भाजलेला पदार्थ; आपल्या बेकरीतल्या खिमा पॅटिसचा लांबचा भाऊ. बाकी तुम्ही ओळखलंच असेल. यावरचं त्या दोघांचं गाणं इतकं खट्याळ आहे की आपण हसतो, आणि हसलो म्हणून अंगावर काटा येतो. लहान मुलांना, आणि जेवताना तर कुणालाच, हा सिनेमा दाखवू नये.

मला खरा हादरा बसतो तो मात्र रक्ताविना. एकामागून एक गळे कापताना न्हावी शांतपणे मुलीची आठवण काढत गातो, आणि लक्षात येतं की ती आठवणही विरत चालली आहे. जिच्यासाठी सूड, तीच पुसट. पुढे ती मुलाच्या वेशात त्याच्याच खुर्चीत बसते. तो ओळखत नाही, वस्तरा उचलतो. तेवढ्यात खालून किंकाळी येते म्हणून ती वाचते. रस्त्यावरची एक वेडी भिकारीण अशी वाचत नाही. "मी तुम्हाला ओळखते का?" अशा अर्थाचं काही ती विचारते. न्यायाधीश जिना चढत असतो, न्हाव्याला घाई असते. भट्टीच्या उजेडात तो तिचा चेहरा पाहतो, तेव्हा उशीर झालेला असतो. विष घेऊनही ती मेलेली नव्हती.

माझ्यातल्या शिक्षिकेला विसरता येत नाही तो टोबी. वर्कहाउसमधून, म्हणजे गरीबखान्यातून आलेला, मारही खाल्लेला पोरगा. मिसेस लव्हेटने पोटभर खाऊ घातलं म्हणून तो तिला वचन देतो की मी असेपर्यंत तुला कुणी इजा करणार नाही. अख्ख्या सिनेमात एवढं एकच गाणं आहे, ज्यात कुणी कुणाला वाचवू पाहतं. ती त्याला तळघरात कोंडते. न्हावी तिला भट्टीत लोटतो आणि बायकोचं प्रेत मांडीवर घेऊन बसतो. मागून टोबी येतो. खाली पडलेला वस्तरा उचलतो. न्हावी मान वर करून गळा पुढे करतो. काम उरकून ते पोर अंधारात निघून जातं. कुठे, ते सिनेमा सांगत नाही. मुलीचं पुढे काय झालं, तेही नाही.