शंभर बिऱ्हाडं, एक चूल

बालमित्रांनो, वहीत ही संख्या लिहा पाहू : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंकी आहे! सदुसष्ट वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार केला आणि त्यातून एक वजा केला, की ही मिळते. १६४४ साली मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं तिला मूळ संख्या म्हटलं होतं. पण १९०३ साली फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकन गणितज्ञानं तिचे दोन अवयव दाखवून दिले, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. तेव्हा संगणक नव्हता. नुसता कागद, पेन्सिल आणि चिकाटी!

आज हेच अवयव 'सेजमॅथ' नावाचा प्रोग्रॅम पापणी लवायच्या आत काढून देतो. तोही फुकट. शिवाय त्याच्या पोटात काय चाललंय, ते कुणालाही उघडून बघता येतं.

सेज सुरू केलं विल्यम स्टाइन या गणितज्ञानं, २००५ साली. पण त्यांनी सगळं नव्यानं लिहिलं नाही बरं का! चाक पुन्हा कशाला शोधायचं? असलेली चाकं जोडून गाडी बांधू, असं त्यांनी ठरवलं. जर्मनीत आखेनला सुरू झालेला 'गॅप', फ्रान्समध्ये बोर्दोला तयार झालेला 'पारी', बहुपदींसाठी 'सिंग्युलर', बीजगणितासाठी 'मॅक्सिमा' असे लहानमोठे शंभरएक प्रोग्रॅम त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पायथन भाषेच्या दोऱ्यात ओवले.

आता दुसऱ्या घरी जाऊ या. त्याचं नाव डेबियन. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी ते सुरू केलं. लिनक्स आणि हजारो मोफत प्रोग्रॅम तिथं नीट लावून ठेवलेले असतात. एक ओळ टाईप केली की हवा तो प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या सगळ्या वस्तूंसकट, तुमच्या संगणकावर हजर! अशा बांधून ठेवलेल्या गाठोड्याला म्हणतात पॅकेज. ही गाठोडी बांधतात जगभरातले स्वयंसेवक.

मग सेजचंही एक गाठोडं बांधलं की झालं, नाही का? छे! खरी गंमत इथंच आहे.

सेजमधली शंभर बिऱ्हाडं आपापली चूल, पातेली बरोबर घेऊनच येतात. आणि डेबियनचा नियम असा, की घरात चूल एकच हवी. का बरं? समजा, एका छोट्या प्रोग्रॅमच्या दहा नकला दहा ठिकाणी आहेत आणि त्यात दोष सापडला. नऊ ठिकाणी दुरुस्ती झाली आणि दहावी नक्कल विसरली, तर दोष तिथं लपून राहणार. एकच प्रत असेल, तर एकदा दुरुस्त केली की सगळ्यांचं काम झालं.

म्हणून सेजचा प्रत्येक भाग सुटा करायचा, त्याचा परवाना तपासायचा आणि त्याचं वेगळं पॅकेज करायचं. सेजला एका भागाची जुनी आवृत्ती हवी असते आणि घरात असते नवी. मग कुठं ठिगळ लावा, कुठं मूळ लेखकाला पत्र लिहून बदल सुचवा!

एवढं करून उत्तरं बरोबर येतात कशावरून? सेजच्या माहितीपुस्तकात हजारो उदाहरणं उत्तरांसह दिलेली आहेत. संगणक ती सगळी पुन्हा सोडवतो आणि उत्तरं ताडून बघतो. एखाद्या वेळी छापलेलं असतं (क+१)(क-१) आणि येतं (क-१)(क+१). संगणक ओरडतो, चूक! पण तुम्ही काय म्हणाल? दोन्ही एकच की! दुसऱ्या वेळी मात्र उत्तर खरंच चुकलेलं असतं. हा फरक माणसालाच ओळखावा लागतो, तोही एकेक उदाहरण बघून.

बरं, हे काम एकदा करून संपतही नाही. डेबियनच्या २००९ सालच्या आवृत्तीत सेज होतं. पण पुढं निगा राखली गेली नाही, ते जुनं होत गेलं आणि शेवटी काढून टाकावं लागलं. मग स्वयंसेवकांनी पुन्हा कंबर कसली. जून २०१७ मध्ये डेबियनची नववी आवृत्ती निघाली, तेव्हा सेज परत घरात आलं. या आवृत्तीचं नाव होतं 'स्ट्रेच'. 'टॉय स्टोरी ३' मधली जांभळी ऑक्टोपस आठवते? तीच ती! डेबियनच्या आवृत्त्यांना त्या चित्रपटांतल्या पात्रांची नावं देतात.

कोल यांचं नाव गणिताच्या पुस्तकांत आहे. गाठोडं बांधणाऱ्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नसतात. पण महागडे प्रोग्रॅम न परवडणाऱ्या मुलाला एका ओळीत एवढं गणित हाती मिळू लागलं, ते त्यांच्यामुळंच.

आता तुमची पाळी. अकरा वेळा दोन मांडून गुणाकार करा आणि एक वजा करा. आले २०४७? ही मूळ संख्या आहे का? संगणकाला न विचारता, कोल यांच्यासारखं कागदावर शोधा. आईबाबांनाही बसवा बरोबर. उत्तर पुढच्या अंकात!