चेंडू चालला, नेतृत्व चालले नाही

क्रिकेटचे आम्ही बालपणापासूनचे चाहते. तरी आमचे सर्वांत आवडते खेळाडू आम्ही कधी पाहिलेच नाहीत. ते म्हणजे बाळू पालवणकर. पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी सांभाळणारा हा चर्मकार तरुण पुढे अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू घेणारे हिंदू सहकारी चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा देत. संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. १९२० मध्ये त्यांना संघातूनच डावलल्यावर शिवराम व विठ्ठल या धाकट्या भावांनी माघार घेऊन निषेध नोंदविला. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले. त्या निर्णयाशी आमचे मतभेद आहेत. त्यांच्या थोरवीशी नाहीत.

पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते : कौशल्याने काम मिळते, नेतृत्व मात्र संघटितपणे मागावे लागते.