घरमालकांची करसवलत

घरासाठीं काढलेल्या कर्जाच्या व्याजावरील करसवलत काढून घेतल्यास मध्यमवर्ग बेघर होईल, असा आक्रोश नेहमीं ऐकूं येतो. इंग्लंडच्या अनुभवानें तो पोकळ ठरविला आहे. तेथें ३०,००० पौंडांपर्यंतच्या कर्जास ही सवलत असे. एकत्र घर घेणाऱ्या अविवाहित भागीदारांस ती प्रत्येकीं स्वतंत्र मिळे. ही दुहेरी सवलत ऑगस्ट १९८८ पासून बंद होणार, असें अर्थमंत्री लॉसन यांनीं मार्चमध्येंच जाहीर केलें. झालें! मुदतीपूर्वीं घर पदरांत पाडण्यासाठीं झुंबड उडाली व किंमती भडकल्या. सवलत घेणाऱ्याच्या नांवें, पण लोणी विकणाऱ्याच्या ताटांत, हें तेव्हांच उघड झालें. पुढें ती पायरीपायरीनें उतरवून एप्रिल २००० मध्यें समूळ बंद केली. तेव्हां घरें मातीमोल झालीं काय? मुळींच नाहीं. म्हणून सवलत जावी, पण हळूहळू. आगाऊ दवंडी पिटून एका दिवसांत नव्हे.

आम्हीही भारतांतील जुन्या करपद्धतींत अशीच सवलत घेतलेली आहे, हें कबूल करतों. परंतु आमच्या व्याजाचा भार भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या करदात्यावर लादण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?