सिंधू लिपी, संगणक आणि पारितोषिक

सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील लिपी उलगडून दाखविणाऱ्यास १० लाख डॉलरचे पारितोषिक देण्याची घोषणा तमिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये केली. आजचे प्रगत संगणक हे कोडे लवकरच सोडवतील, अशी आशा अनेकांना वाटते. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या अभ्यासात संगणक काही आज आलेला नाही. आस्को पार्पोला व त्यांच्या फिनिश सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये, तर इरावतम् महादेवन यांनी १९७७ मध्ये संगणकाच्या साह्याने या लेखांच्या सूची प्रसिद्ध केल्या. कोणते चिन्ह कोठे, कितीदा व कोणत्या चिन्हाशेजारी येते, हे त्यांवरून कोणाही अभ्यासकास पडताळता येऊ लागले. ही लिपीच नव्हे, असे प्रतिपादन २००४ मध्ये झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अभ्यासकांचा समावेश असलेल्या एका गटाने २००९ मध्ये महादेवन यांच्या सूचीच्या आधारे चिन्हांचा क्रम भाषेसारखा नियमबद्ध असल्याचे दाखविले. वाद मात्र मिटला नाही.

याची कारणे उघड आहेत. लेख सरासरी पाचच चिन्हांचे आहेत आणि द्विभाषिक लेख अद्याप सापडलेला नाही. शिवाय दोन आकृती एकाच चिन्हाची रूपे मानावयाची की दोन स्वतंत्र चिन्हे, हा निर्णय गणनेपूर्वी अभ्यासकालाच घ्यावा लागतो. महादेवन यांनी ४१७ चिन्हे मानली. इतर काहींनी ६०० हून अधिक. मूळ मोजणीतच एवढे अंतर असेल, तर वेगवान यंत्र आपणांस चुकीच्या निष्कर्षापर्यंतही तितक्याच वेगाने नेईल.

उत्पादनाचे एक साधन स्वस्त व विपुल झाले की टंचाई दुसऱ्या साधनाची भासू लागते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. १९७० च्या दशकाच्या मानाने गणनेचा खर्च आज नगण्य झाला आहे. दुर्मिळ आहे ती विश्वासार्ह नोंद. एकदा उकरलेला थर पुन्हा उकरता येत नाही. त्याचा अहवाल वर्षानुवर्षे रखडला, तर संगणकाने काय मोजावयाचे?

पारितोषिकामागील हेतू स्तुत्यच आहे. परंतु ते अखेरची पायरी गाठणाऱ्यासच मिळावयाचे. मुद्रांची छायाचित्रे, मोजमापे व सापडल्याचे नेमके ठिकाण नोंदवून आधीच्या पायऱ्या बांधणाऱ्यांना हवे असते ते नियमित वेतन. म्हणून प्रत्येक उत्खननाच्या अनुदानातच नोंदींच्या संगणकीकरणाची तरतूद असावी आणि ठराविक मुदतीत त्या सर्वांस खुल्या करण्याची अट घालावी. मग लिपी उलगडो वा न उलगडो, तो खर्च वाया जाणार नाही.